सासूबाईंची कोरकू आणि ग्रामसभा

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत सगळं मराठीत चालतं. सासूबाईंना कोरकूच येते. जंगलाचा विषय निघाला तरी त्या गप्प. युरोपात म्हणे अनेक भाषांचे लोक एकत्र बसून ठरवतात. कसं जमतं त्यांना?
— एक वाचक, धारणी तालुका

उत्तर : ताई, हे गप्प बसणं मला ठाऊक आहे. माझी आजी चिखलदऱ्याकडची. जंगलातली एकेक वाट तिला पाठ. पण सभेत शब्द नाही. घरी चुलीपुढं मात्र भडाभडा बोलायची.

युरोपीय संघानं २०२१-२२ मध्ये ८०० साधे नागरिक सोडत काढावी तसे निवडले, दोनशेचा एक असे चार गट केले. अधिकृत भाषा २४. जो तो आपल्या भाषेत बोले, दुभाषे लगेच ते इतरांच्या कानात सांगत. २४ भाषांत एकीतून दुसरीत अशा भाषांतराच्या ५५२ दिशा होतात. प्रत्येकीला दुभाषा कुठून आणणार? मग एकाचं भाषांतर ऐकून दुसरा पुढं आपल्या भाषेत करतो. तरीही स्पेनमधल्या कॅटलानसारखी मोठी भाषा त्या २४ च्या यादीत नाही. आपली कोरकूही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाहीच.

तुम्हाला मात्र दोनच भाषा सांभाळायच्या आहेत. दोन्ही येणारी एखादी पोरगी उभी करा, दर दोन वाक्यांनी थांबायला लावा. ठराव आधी कोरकूत वाचा, मगच हात वर. धारणी पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा खास कायदा तिथं लागू आहे; तिथं पाड्याचीही वेगळी ग्रामसभा होऊ शकते. सासूबाईंना आधी तिथं बोलू द्या.