गुडघ्याची गादी फाटल्याचा रिपोर्ट आलाय, धावणं कायमचं सोडू का?

नंतर वाचायला येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४४, पुण्यात बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. जानेवारीत पाच किलोमीटरपासून सुरुवात केलीत आणि गेल्या दोन महिन्यांत एकदम पंधरा-अठरापर्यंत गेलात, कारण सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय आणि शर्यत सात आठवड्यांवर आली आहे. महिनाभरापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय. जिना उतरताना जास्त, आणि लांबलेल्या मीटिंगमधून उठताना कळ येते. सूज नाही, गुडघा अडकत नाही. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या गादीला (मेनिस्कस, म्हणजे सांध्यातल्या दोन हाडांमधली लवचिक चकती) मागच्या टोकाशी ‘ग्रेड टू टिअर’ आलंय. एका डॉक्टरांनी धावणं कायमचं बंद करायला सांगितलं, धावण्याच्या ग्रुपमधला मित्र म्हणतो इंजेक्शन घे आणि पळ. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, त्यामुळे तुम्ही घाबरलात. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलाचा घोटा कबड्डीत दुसऱ्यांदा मुरगळलाय, तो चोळून घ्यावा का, असंही विचारलंय.

मी खेळाडूंच्या दुखापतींची डॉक्टर आहे. गुडघा हाताखाली घेतल्याशिवाय पक्कं निदान होत नाही, हे खरं. पण तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की बरंच काही सांगता येईल. आधी उत्तर देऊन टाकते: धावणं सोडू नका.

रिपोर्टपासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. गादीच्या आत एक धूसर रेघ दिसते, पण ती गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, तेव्हा तिला ग्रेड टू म्हणतात. पृष्ठभागापर्यंत पोचली की ग्रेड थ्री, आणि खऱ्या अर्थाने फाटलेली गादी ती. ग्रेड टू म्हणजे वयाबरोबर गादीच्या आतला पोत बदलल्याची खूण. चाळिशीनंतर केस पांढरे होतात, त्याच जातीची. ‘टिअर’ हा शब्द तिथे लिहायलाच नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या एका शब्दामुळे चांगले चालते-फिरते लोक गुडघा वाकवायला घाबरू लागतात.

खरोखर फाटलेल्या गादीचंही ऐका. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. पुढे २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी वयाने झिजून फाटलेल्या गादीच्या काही रुग्णांवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींवर नुसती नाटकी, म्हणजे गादीला हातच लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. म्हणून फोटोत काय दिसतंय यापेक्षा कुठे दुखतंय आणि काय करताना दुखतंय, हे मी आधी विचारते. तुमची ती रेघ आहे गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मागे. तुम्हाला दुखतंय पुढे, वाटीभोवती. दोन्हींचा मेळ बसत नाही.

मेळ बसतो तो वाटी आणि मांडीचं हाड यांच्या सांध्याशी. जिना उतरताना, उकिडवं बसताना, बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर दुखणं ही त्याची नेहमीची लक्षणं. धावणाऱ्यांमध्ये हे दुखणं इतकं सर्रास आढळतं की त्याला ‘रनर्स नी’ असंच नाव पडलंय. यात काही तुटलेलं नसतं. सांध्याला सवय होती त्याहून जास्त ओझं, सवय व्हायच्या आत पडलेलं असतं.

पुण्यात राहता म्हणजे सिंहगड चढला असालच. चढताना दम लागतो, आणि उतरताना पाय लटपटतात. चढताना काम छातीचं आणि पोटरीचं. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि तो सगळा दाब वाटीवर येतो. सातारची शर्यत नेमकी तशीच आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वळायचं, आणि तोच घाट उतरून खाली यायचं. नवखे सगळे चढाची तयारी करतात. तुम्हीही लिहिलंय की फ्लायओव्हरवर चढाचा सराव केला, पण उताराबद्दल एक शब्द नाही. मांडीत ताकद नसताना दमलेल्या पायांनी दहा किलोमीटर उतरणं हे गुडघ्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड काम आहे.

ओपीडीत मी एक साधी गोष्ट करायला लावते, तुम्ही घरी आरशासमोर करून बघा. वीतभर उंचीच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभे राहा, दुसरा पाय पुढे हवेत. आता हळूहळू गुडघा वाकवत हवेतल्या पायाची टाच जमिनीला टेकवा आणि तसेच वर या. पाच वेळा. नजर वाटीवर ठेवा. ती पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत खाली जाते, की थरथरत आत, अंगठ्याच्याही पलीकडे वळते? मागच्याच महिन्यात एक शिक्षिका आल्या होत्या, धावायला लागून वर्ष झालेलं. तिसऱ्याच वेळी त्यांचा गुडघा आत कोसळला आणि एका बाजूची कंबर खाली झुकली. स्वतःच म्हणाल्या, “अहो, हा पाय माझं ऐकतच नाहीये.” गुडघा आत जातो तेव्हा बहुतेक वेळा कुल्ल्याचा आणि मांडीचा स्नायू कमजोर असतो. इंजेक्शनने हे दुरुस्त होत नाही.

आता काय करायचं. पुढचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, सपाट रस्ता, एक दिवसाआड, पाच मिनिटं धावून एक मिनिट चालायचं. पूर्ण विश्रांती घेऊ नका. महिनाभर बसून राहिलात तर दुखणं थांबेल, पण मांडी आणखी बारीक होईल, आणि पुन्हा धावायला लागल्यावर पंधरा दिवसांत इथेच येऊन पोचाल. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. धावताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते नेहमीइतकंच असलं, तर मात्रा बरोबर आहे. चार किंवा त्याहून वर गेलं किंवा सकाळी वाढलेलं असलं, तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. हा नियम मी शाळकरी खेळाडूंनाही देते आणि साठीच्या काकांनाही. पावलं जरा छोटी आणि भरभर टाका. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्के वाढवली तरी गुडघ्यावरचा भार चांगलाच उतरतो. ही फुकटची युक्ती आहे, आणि महागडे बूट घेण्याआधी करून बघायची आहे.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं राहायचं, तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. सुरुवातीला कमी वाका, दुखणार नाही इतकंच. वर सांगितलेलं पायरीवरून उतरणं, तीन सेकंद मोजत, दहाचे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घ्या, सॅकेत तांदळाच्या पिशव्या. फरक पडायला सहा आठवडे लागतात, पुरता भरवसा यायला बारा. दुसऱ्या आठवड्यात “काहीच फरक नाही” असं वाटेल, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच सोडतात. सोडू नका, अगदी कळकळीने सांगते.

मित्राने सुचवलेल्या इंजेक्शनबद्दल. ते स्टिरॉइडचं असेल तर तुमच्या गुडघ्याला त्याची गरज नाही. झिजेच्या संधिवाताच्या गुडघ्यांत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलं, तेव्हा दुखण्यात नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही, उलट सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, जास्त झिजलेली आढळली. २०१७ चा अभ्यास आहे. आणि धावण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर कृपा करून बंद करा. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला इजा करू शकतं. शिवाय ज्या कळेने तुम्हाला थांबवायचं, तीच ऐकू येत नाही.

शर्यतीचं म्हणाल, तर सात आठवडे अपुरे आहेत. यंदा घाट पळत उतरू नये, असा माझा सल्ला. नाव दिलंयच तर चढ धावत करा आणि उतार चालत. वेळेची आशा सोडा. तेही एका अटीवर: पाचव्या आठवड्यात एखादी टेकडी, तळजाई म्हणा, दोनदा चालत उतरून दुसऱ्या दिवशी गुडघा शांत राहिला पाहिजे. नाही राहिला, तर पुढच्या वर्षी.

आईच्या गुडघ्यांवरून स्वतःचं भविष्य काढू नका. झिजेत आनुवंशिकतेचा वाटा असतो, तसाच वजनाचा, जुन्या दुखापतीचा आणि मांडीच्या ताकदीचाही असतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये आकडे काढले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज ३.५ टक्के होती आणि बैठ्या लोकांत १०.२ टक्के. वरच्या स्तरावर स्पर्धा करणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के होती, हेही सांगायला हवं. तुम्ही पहिल्या गटात बसता. आईंनाही “वंगण संपलंय” म्हणून खुर्चीत बसवून ठेवू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, रोज चालणं, आणि वजन जास्त असेल तर थोडं कमी करणं. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. खेळताना ‘टक्’ आवाज होऊन दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं आणि बहुतेकदा मधलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, गेलेलं असतं. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल, चालताना दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखत असेल, किंवा लाल-गरम होऊन अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता मुलाचा घोटा. चोळून घेऊ नका आणि कुणाला ओढूही देऊ नका. मुरगळलेल्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे धागे, म्हणजे लिगामेंट, ताणलेले किंवा फाटलेले असतात. ताज्या दुखापतीवर जोराने चोळलं की रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप आजीने हलक्या हाताने लावला तर माझी हरकत नाही, हात जोराचा नको. बर्फ पहिले दोन दिवस कळ कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चारसूत्री औषध १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केलं, आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. सोसेल तसं पाऊल टेकवत चालायला लावणं आता बरोबर मानतात.

त्याआधी हाड मोडलं नाही ना, हे बघायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची टोकं आणि मागच्या कडा चार बोटं वरपर्यंत बोटाने दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर करंगळीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठेही हाडावरच दुखलं, किंवा चार पावलंही टाकता येत नसली, तर एक्स-रे हवाच. पंधराव्या वर्षी हाडाची वाढीची रेघ, म्हणजे जिथून हाड वाढतं तो मऊ भाग, अजून उघडी असू शकते आणि ती लिगामेंटपेक्षा नाजूक असते. त्यामुळे थोडीही शंका आली तर दाखवाच.

दुसऱ्यांदा मुरगळला, यामागचं कारण बहुधा पहिल्या वेळी सूज उतरताच तो मॅटवर परतला हे आहे. लिगामेंट फाटतं तेव्हा पाऊल कुठे आणि कसं पडलंय याची खबर देणाऱ्या नसाही दुखावतात. रेडर बोनस घ्यायला पाय टाकतो आणि मागे वळतो, त्या क्षणी ही खबर उशिरा पोचली की घोटा पुन्हा वळतो. रोज सकाळी एका पायावर उभं राहून दात घासायला सांगा. जमलं की डोळे मिटून तीस सेकंद, मग उशीवर. पोटरीसाठी एका पायाच्या चवड्यावर वर-खाली, वीसपर्यंत. निदान सहा आठवडे. एका पायावर दहा उड्या दुखल्याशिवाय, दुसऱ्या पायाइतक्याच लांब मारता आल्या, तिरकं धावून झटक्यात वळता आलं, तर सरावाला सोडा, आणि हा हंगामभर घोट्याला टेप किंवा ब्रेस लावून. प्रशिक्षक “परवा मॅच आहे” म्हणाले तर त्यांना या उड्या तुमच्यासमोर मोजायला सांगा.