'संवर्धन' की 'जतन'? आणि 'मूल्यांकन' कशाचं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वाचनालयात जुन्या पोथ्या आणि मोडी कागदांची तीन कपाटं आहेत. त्यांची अवस्था काय आहे आणि पुढे काय करायला हवं हे ठरवण्यासाठी अनुदान मागायचं आहे. अर्जाचा मथळा 'संग्रहाच्या संवर्धन गरजांचे मूल्यांकन' असा केला आहे. हे मराठी बरोबर आहे का? संवर्धन, संरक्षण, परिरक्षण, जतन यांतला कोणता शब्द घ्यावा?"

व्याकरणात चूक नाही. तरी मी दोन्ही मुख्य शब्द बदलेन.

आधी 'संवर्धन'. यात 'वृध्' धातू आहे, म्हणजे वाढणं. पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन, वनसंवर्धन या शब्दांत तो अर्थ सरळ लागतो. 'गडसंवर्धन', 'वारसा संवर्धन' हेही आता रुळले आहेत, त्यांना चूक म्हणून काही उपयोग नाही. पण 'संग्रहाचे संवर्धन' म्हटलं की अर्थ दुभंगतो. संग्रह खरोखरच वाढवता येतो, नव्या पोथ्या मिळवून. अर्ज वाचणाऱ्याला तुम्ही खरेदीसाठी पैसे मागताय असं वाटलं तर दोष त्याचा नाही.

'संरक्षण' हिंदीत या अर्थाने पक्कं बसलेलं आहे. सांस्कृतिक वारशाच्या जतनावर संशोधन करणाऱ्या लखनौच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या हिंदी नावातही तोच शब्द आहे. मराठी कानाला मात्र आधी संरक्षण खातं आठवतं, नाहीतर दारावरचा पहारेकरी. 'परिरक्षण' मी फळं-भाज्यांच्या परिरक्षणापुरता ठेवेन.

उरला 'जतन', आणि माझं मत ठामपणे त्याच्या बाजूने आहे. 'जतन' हा संस्कृत 'यत्न'चाच घरगुती झालेला अवतार. तुमच्याच कपाटातल्या पोथ्यांची शेवटची पानं उलगडून बघा. ग्रंथ लिहून झाल्यावर लेखनिक बऱ्याचदा एक विनवणी लिहून ठेवत: 'कष्टेन लिखितं शास्त्रं यत्नेन परिपालयेत्'. पाठ, कंबर, मान मोडून लिहिलं आहे, यत्नाने सांभाळा. कुठे पोथी स्वतःच बोलते: 'तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्', तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. काही प्रतींत आग, चोर आणि उंदीरही येतात. कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने संग्रहाची हानी करणाऱ्या १० कारणांची यादी केली आहे आणि जगभरची संग्रहालयं ती वापरतात. तिच्यात पाणी, आग, चोरी, कीड-उंदीर आहेतच. 'मूर्खाचा हात' म्हणजे तिथला आघात. ज्या शब्दात लेखनिकाचा 'यत्न' अजून ऐकू येतो, तो सोडून दुसरा का शोधायचा?

त्या यादीतलं दहावं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं: वस्तूची तिच्या माहितीपासून होणारी फारकत. रुमालातून, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यातून, एक कागद बाहेर पडला, कुणी तो भलत्याच रुमालात ठेवला; कागद धडधाकट, पण कुठला ते आता कळायला मार्ग नाही. याला मराठीत तयार शब्द आहे, ताटातूट. तुमच्या नोंदवहीत हा रकाना जरूर ठेवा.

जतन आणि दुरुस्ती यांत गल्लत नको. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या जतनविषयक समितीने सप्टेंबर २००८ मध्ये नवी दिल्लीतल्या अधिवेशनात या संज्ञा पक्क्या केल्या. हानी होऊच नये म्हणून भोवतालची घेतलेली काळजी, चालू हानी थांबवणारा उपचार, आणि वस्तू समजावी-वाचावी म्हणून तिला पूर्वरूपाकडे नेणं, अशा तीन पायऱ्या. 'जीर्णोद्धार' तिसऱ्या पायरीवर, तोही देवळाला शोभतो. एका संस्थेत मी एक फाटकं पान पाहिलं होतं. कुणीतरी मायेनेच चिकटपट्टी लावली होती. पट्टी वाळून गळून पडली होती, तिचा डिंक मात्र कागदात मुरून तपकिरी झाला होता, आणि त्या पट्ट्याखालची दीड ओळ वाचता येत नव्हती. पाहण्याआधी दुरुस्ती केली की असं होतं.

म्हणून दुसरा बदल: 'मूल्यांकन' काढा, 'पाहणी' घाला. मूल्यांकन म्हटलं की घर-जमिनीची किंमत डोळ्यांपुढे येते, मूल्यमापन म्हटलं की विद्यार्थी. 'तपासणी'त दोषी शोधण्याचा वास आहे. दप्तर तपासणी म्हटलं की माणसं सावध होतात, आणि कपाट गळतंय हे सांगायचं टाळतात. 'मोजदाद' फक्त आकडा देते. पीकपाहणीत जसं बांधावर जाऊन उभं राहावं लागतं, तसंच इथे कपाटापुढे. वाळवीने मातीची नळी केली आहे का, कसरीने कागदाचा पापुद्रा खाल्ला आहे का, फळीवर भुगा पडतोय का. भुग्याची शंका असेल तर फळीवर कोरा पांढरा कागद अंथरून आठ दिवसांनी बघा. ताजा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यातली एक पाहणी हवीच.

'गरजांचे'ही गाळा, तो 'जतन-पाहणी'त आलाच. मथळा 'पोथ्या व मोडी कागदांची जतन-पाहणी' एवढा पुरे. आतली नोंद साधारण अशी: "कपाट २, खालचा खण, पाठीमागे ओलसर भिंत. बासन १४. कसर जुनी, ओल नवी. पानांचा क्रम नीट, क्रमांकाची चिठ्ठी गहाळ. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे. बासन सुती, धुतलेले, नवे घालावे. पानांना हात लावू नये."