जिम, फिजिओ, योग एकाच छताखाली: वाचकांचे प्रश्न

*आरोग्य आणि खेळाशी निगडित छोटे व्यवसाय एकत्र जागा घेऊन थाटणाऱ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यांतल्या सहांना उत्तरं देत आहोत.*

आम्ही चौघे मिळून १,८०० चौरस फुटांचा हॉल घेतोय: माझी जिम, एक फिजिओथेरपिस्ट, एक आहारतज्ज्ञ, एक योगशिक्षिका. भाडं ७२,००० रुपये. समान वाटायचं की कमाईच्या टक्केवारीने? (फिटनेस ट्रेनर, नाशिक)

दोन्ही नको. समान वाटलंत तर छोट्या केबिनमध्ये बसणारी आहारतज्ज्ञ तुमच्या ट्रेडमिलच्या जागेचं भाडं भरत राहील आणि सहा महिन्यांत सामान उचलेल. टक्केवारी धरलीत तर रोख घेतलेल्या फीवरून पहिलं भांडण होईल.

जागा मोजा. समजा जिम ९०० चौरस फूट, फिजिओच्या दोन केबिन मिळून २००, योगाचा हॉल ४००, आहारतज्ज्ञाची केबिन ८०. उरलेले २२० म्हणजे रिसेप्शन, चेंजिंग रूम, स्वच्छतागृह, ते सगळ्यांचे. म्हणून ७२,००० ला १,५८० ने भागायचं. दर येतो ४५ रुपये ५७ पैसे. जिमचे सुमारे ४१,०००, फिजिओचे ९,१००, आहारतज्ज्ञाचे ३,६५० आणि योगाच्या हॉलचे १८,२००.

योगाचा हॉल मात्र एकट्या योगशिक्षिकेच्या गळ्यात घालू नका. तो तासावर द्या. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ९ असे रोज ७ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १८२ तास. सगळे तास भरतील हे गृहीत धरलं तर तासाला १०० रुपये पुरतात, पण ते कधीच भरत नाहीत. साठ टक्के धरून चाला, मग दर १६७ वर जातो. गर्दीच्या वेळी २००, दुपारी १०० असा ठेवलात तर दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये ज्येष्ठांचा व्यायामाचा गट घ्यायला फिजिओ स्वतःहून पुढे येईल.

एक खर्च हमखास विसरला जातो. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के लागतात, म्हणजे ७२,००० वर १२,९६०. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांचा दर ५ टक्के झाला खरा, पण त्यावर इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. फिजिओथेरपी करमुक्त गणली जाते, तिथेही क्रेडिट नाही. हे पैसे खिशातूनच जाणार. चौरस फुटाला ८ रुपये २० पैसे आजच वाढवून वाटणी करा.

विजेसाठी जिमला सबमीटर लावा. प्रत्येक ट्रेडमिलला स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी हवा. दोन-तीन ट्रेडमिल एकाच आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) टाकल्या की प्रत्येकीच्या मोटर ड्राइव्हमधून होणारी थोडीथोडी गळती एकत्र होते आणि तो वरचेवर पडतो. बहुतेक वेळा वायरमन मशीनला दोष देतो. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर करारावर सही करायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा: राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने असतो, व्यायामशाळेला ५०० धरतात. डेडलिफ्टची जागा फिजिओच्या केबिनपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, खाली प्लायवूड आणि त्यावर २० मिलिमीटरचं रबर. मान दुखते म्हणून टेबलावर पालथा पडलेला पेशंट दर दोन मिनिटांनी आवाजाने दचकत असेल तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

करार ११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही असं एजंट म्हणतो. (योगशिक्षिका, ठाणे)

लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार किती महिन्यांचा आहे याला महत्त्व नाही, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि चौघांपैकी एकाच्याच नावावर करार असेल तर बाकीच्या तिघांना जागा वापरू देण्याची मालकाची परवानगी त्याच करारात लिहून घ्या. नाहीतर पहिल्या वादात तुम्ही तिघं ‘बाहेरची माणसं’ ठरता.

ज्या जिममध्ये माझी केबिन आहे, तिचे मालक पाठवलेल्या प्रत्येक पेशंटमागे १५ टक्के मागतात. भाडं मी वेगळं देतेच. द्यावेत का? (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर)

देऊ नका. याला आपल्याकडे कट प्रॅक्टिस म्हणतात. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. तुमच्याकडे ऑर्थोपेडिक सर्जन पेशंट पाठवत असतील, तर त्यांच्या कानावर हे गेल्यावर ते पाठवणं थांबवतील. कमिशन लागू झालं की ट्रेनर साध्या अंगदुखीलाही तुमच्याकडे धाडतो, आणि पाच सेशनमध्ये काम भागत असताना दहा सांगण्याचा दबाव तुमच्यावर येतो. मालकांना सांगा, केबिनचं भाडं हवं तर २,००० ने वाढवा, पण माणशी हिशेब नको. बहुतेक मालकांना ठरलेली रक्कम आवडते.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, महिन्याला एकत्र जेवण होतं, तरी कोणी कोणाकडे क्लायंट पाठवत नाही. काय चुकतंय? (जागेचे व्यवस्थापक, पुणे)

जेवणाने ओळख होते. क्लायंट पाठवायला मात्र खात्री लागते की समोरचा त्याला पळवणार नाही आणि काय केलं ते मला कळवेल. ही खात्री अर्ध्या पानाच्या चिठ्ठीने येते. चिठ्ठीत पाच गोष्टी: नाव-वय, काय दिसलं, एकच नेमका प्रश्न, क्लायंटची संमतीची सही, तारीख. सही टाळू नका. तब्येतीची माहिती फोनवरून इकडून तिकडे पाठवताना २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही संमती हवी.

ट्रेनरची चिठ्ठी अशी असावी: ‘वय ४२. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, उतारावरच, साधारण ५ किलोमीटरनंतर. सूज नाही. लेग डे चालू ठेवू का?’

सात दिवसांच्या आत फिजिओचं उत्तर त्याच कागदाच्या मागे: ‘आयटी बँडची (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा) तक्रार. उतारावर धावणं ३ आठवडे बंद. सपाटीवर दुखायला लागायच्या आत थांबायचं. १५ सेंटिमीटरच्या पायरीवरून सावकाश उतरणं, ८ चे ३ सेट, एक दिवसाआड. स्क्वॉट चालेल, दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं तर वजन उतरवा. २१ तारखेला परत बघते.’

यात ट्रेनरचं काम कुठेच थांबलेलं नाही, उलट त्याला पुढच्या तीन आठवड्यांचा कार्यक्रम मिळाला. असा कागद परत आला की पुढचा क्लायंट तो न सांगता पाठवतो. साताऱ्याची शर्यत यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरते, त्यामुळे ऑगस्टपासून हीच तक्रार पुन्हा पुन्हा दिसेल. मग जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची लाट. या दोन हंगामांआधी चिठ्ठ्यांचा गठ्ठा छापून ठेवा.

शिवाय दर बुधवारी दुपारी अडीचला, जिम रिकामी असते तेव्हा, ४० मिनिटं बसा. तीन केसेस, एक वही. एसी आणि पार्किंगच्या तक्रारी तिथे काढायच्या नाहीत, त्यांना महिन्याचा पहिला शनिवार ठेवा. हे वेगळं केलं नाही तर दुसऱ्या महिन्यापासून केसेस मागे पडतात आणि फिजिओ यायचं बंद करते.

भिंतीवर एक यादीही लावा: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, विनाकारण वजन घटणं, पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, छातीत दुखणं. यातलं काहीही दिसलं तर आपापसात चिठ्ठ्या नाहीत, थेट डॉक्टर. छातीत दुखलं तर १०८.

एक ट्रेनर सोडून गेला आणि २० क्लायंट घेऊन गेला. ‘दोन वर्षं ५ किलोमीटरच्या आत काम करणार नाही’ असं लिहून घेतलं होतं. कोर्टात जाऊ का? (स्टुडिओचालक, संभाजीनगर)

पैसे वाचवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार एखाद्याला पोट भरण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. नोकरी सुटल्यानंतर तुमच्या करारातली ही अट पाळायला लावणं जवळजवळ अशक्य. चालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: ४५ दिवसांची नोटीस, त्या काळात क्लायंटची ओळख दुसऱ्या ट्रेनरशी करून देण्याची अट, आणि आधी भरलेल्या फीचे उरलेले सेशन कोण पूर्ण करणार याची लेखी नोंद. खरी जखम या शेवटच्या मुद्द्यावर होते. बारा महिन्यांचं पॅकेज विकून पैसे खर्च झालेले असतात आणि क्लायंट परतावा मागतो. तीन महिन्यांपेक्षा मोठं पॅकेज विकू नका.

आमच्याकडे राज्य पातळीवरचे तीन मल्ल येतात. ट्रेनर प्रोटीन पावडर विकतो, आहारतज्ज्ञाचा विरोध आहे. ऐकायचं कोणाचं? (तालीमवजा जिमचे मालक, सांगली)

आहारतज्ज्ञाचं. डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. ‘डब्यात भेसळ होती’ हे सांगून सुटका होत नाही. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची (वाडा) प्रतिबंधित यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षी चाललेलं यंदा चालेलच असं नाही. मल्लांना काही द्यायचंच असेल तर बॅचनिहाय तपासणी झालेलं उत्पादन घ्या, बॅच नंबर वहीत उतरवा आणि त्याच डब्यातला थोडा भाग सीलबंद ठेवा. विक्री करायची तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच. बाकी रोजच्या मेंबरांसाठी हा वाद बराचसा व्यर्थ आहे. वजनाच्या किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं डाळ, दूध, अंडी, मटणातून भरून निघतात, आणि सांगलीत दुधाची टंचाई नाही.