लँडलाइन डिजिटल झाल्यावर वीज गेली तर?

प्रश्न: सासूबाई ब्रिटनमध्ये लेस्टरला एकट्या राहतात. त्यांची लँडलाइन आता राउटरवरून चालणार म्हणे. दाबलं की लँडलाइनवरून मदत बोलावणारं त्यांचं गळ्यातलं आपत्कालीन बटण चालेल ना?

उत्तर: गृहीत धरू नका. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची वीज यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा फोन लागायचा. ब्रिटनमधलं ते जाळं जानेवारी २०२७अखेर बंद होतंय. राउटर घरच्या विजेवर चालतो. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान १ तास ९९९ हा आपत्कालीन नंबर लावता यावा, अशी सोय कंपनीने मोफत द्यावी हा तिथल्या दूरसंचार नियामकाचा, ऑफकॉमचा, नियम. एक तास अपुराच आहे, पण हक्काने मागा. फायबर असेल तर त्याची तार जिथे येते त्या भिंतीवरच्या डब्यालाही बॅटरी हवी. बटणवाल्या कंपनीला बदलाआधी कळवा. बटणाची जुनी यंत्रं डिजिटल लाइनवर कधीकधी संदेशच पोचवत नाहीत. जोडणीनंतर लगेच बटण दाबून पाहा.