जुन्या इंग्रजी पाककृतीतलं 'कॅव्हीच' म्हणजे काय? मासे कसे टिकवायचे?
आधी तळून मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा. शब्द स्पॅनिश 'एस्काबेचे'वरून आला, आता वापरात नाही. हॅना ग्लास यांच्या 1747 च्या पाकपुस्तकात कृती आहे: 6 मोठे मॅकेरल (आपल्या बांगड्याच्या कुळातलेच), प्रत्येकाचे 5-6 गोल तुकडे. 1 औंस (28 ग्रॅम) मिरपूड, 3 मोठी जायफळं, थोडी जायपत्री, मूठभर मीठ. तुकड्यांना भोकं पाडून मसाला बोटाने आत दाबायचा, उरलेला वरून चोळायचा, तेलात तांबूस तळायचं. पूर्ण गार झाल्यावरच व्हिनेगरमध्ये बुडवायचं आणि वर तेलाचा थर. जायफळं जरा जास्तच वाटतात, एकावर भागतं.

बिघडतं ते बहुधा व्हिनेगर कमी पडल्याने. टिकवण्याचं काम आम्लाचं; तेल फक्त हवा अडवतं. नुसत्या तेलाखाली मासा ठेवणं धोक्याचं, कारण बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना हवाबंद जागाच लागते. व्हिनेगर 5 टक्क्यांचं घ्या, पाणी घालू नका, तुकडे वर डोकावू देऊ नका. मासा ताजाच हवा: शिळ्या बांगड्यात तयार झालेलं हिस्टामिन (विषबाधा करणारं रसायन) तळून किंवा व्हिनेगरने जात नाही. पूर्वी हे बाहेरच ठेवत. तुम्ही मात्र फ्रिजमध्येच ठेवा.