ओटो शेवाळ असूनही मरतात, ते का?

खारघरच्या दोन फुटी टाकीत चार ओटो (ओटोसिंक्लस, शेवाळ खाणारे छोटे मासे) सोडले, काचेवर तपकिरी थर असूनही दहा दिवसांत दोन गेले, आणखी आणू का, असा तुमचा प्रश्न. टाकी मांडून तीनच आठवडे झालेत हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण उत्तर तिथेच आहे. आणू नका.

नव्या टाकीतला तो तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा. चार ओटो तो चारेक दिवसांत चाटूनपुसून साफ करतात आणि मग उपाशी. त्यात हे मासे बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले, वाटेत धड खायला न मिळालेले. घरी येतात तेच पोट पाठीला लागलेलं घेऊन.

माझेही पहिले सहा असेच गेले. दुसऱ्या वेळी दुकानदाराला म्हटलं, आठ दिवस तुमच्याकडेच राहू देत, मग नेतो. तो म्हणाला, "साहेब, तोवर राहतील का?" आठ दिवसांनी जे उरले त्यांतले काचेला चिकटलेले असताना ज्यांचं पोट गोल दिसलं, तेवढेच उचलले.

खायला दुधी द्या. चकती दोन मिनिटं उकळून, स्टीलच्या काट्याला टोचून रात्री तळाशी ठेवायची. माझ्याकडे तीन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या सकाळी चकतीभोवती पाच शेपट्या. उरलेली सकाळीच काढा, नाहीतर पाणी नासतं. टाकीत लाकूड असेल तर त्यावरचा बुळबुळीत थरही ते खातात. काळं, केसाळ शेवाळ मात्र त्यांच्या आवाक्यातलं नाही.

पाण्यातला अमोनिया तपासा, माशांच्या घाणीतून तयार होणारं हे विष नव्या टाकीत साचतं. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन घालून. त्यांना २२ ते २६ अंश मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पाणी सहज तिशी ओलांडतं, तेव्हा टाकीवर छोटा पंखा लावा. एखादा ओटो झपकन वर येऊन हवा गिळून गेला तर घाबरू नका, गिळलेल्या हवेतून ऑक्सिजन घ्यायची त्यांची सोयच आहे. सगळेच सारखे वर धावू लागले तर पाणी बिघडलंय समजा.

टाकी दोन-तीन महिने मुरली की चार आणा, हा मासा घोळक्यातला. दुकानदार स्वस्तात 'सकर' मासा गळ्यात मारू पाहतील, तो फूटभर वाढतो. मग लोक तो तलावात सोडतात, ते तर अजिबात नको.

आज दिवे बंद झाल्यावर बॅटरी मारून उरलेल्या दोघांची पोटं बघा आणि कळवा.