अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी लोक फुकटात का सोडवत बसतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंटरनेटवरच्या समूहांत अशी मदत करणाऱ्या लोकांना कंपन्या गुपचूप पैसे देतात का, आणि देत नसतील तर ही मंडळी हे का करतात, तेही कधीकधी खेकसत.

पैशांचं आधी उरकतो. नाही मिळत. मायक्रोसॉफ्ट 1993 पासून अशा लोकांपैकी निवडक जणांना ‘एमव्हीपी’ (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) किताब देते. सोबत थोडंफार सॉफ्टवेअर मिळतं, पगार नाही. बाकीचे आम्ही नुसतेच.

मी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या धंद्यातला. बरीच वर्षं मराठी टायपिंग, फॉन्ट आणि विंडोजच्या बारीकसारीक दुखण्यांवर उत्तरं देतोय. ‘समाजसेवा’ म्हटलं की मलाच अवघडल्यासारखं होतं. खरं कारण फार साधं आहे. उत्तर माहीत असलेल्याला ते द्यायला मिनिटभरही लागत नाही, नसलेल्याचा अख्खा दिवस जातो. एका बाई सकाळपासून ‘दऱ्या’ लिहायला बघत होत्या आणि दर वेळी ‘दर्या’ उमटत होतं. सह्याद्रीचं वर्णन समुद्रात चाललेलं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग तिरक्या रेघेची कळ. झाला ‘ऱ्य’. एवढं लिहायला मला काय कष्ट पडणार?

यावर अभ्यासही झालाय. अपाची हा वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे लोक एकमेकांना फुकट मदत का करतात, हे करीम लखानी आणि एरिक व्हॉन हिपेल या संशोधकांनी तपासलं. 2003 मध्ये ते छापून आलं. त्यांना दिसलं की मदत करणाऱ्यांचा 98 टक्के वेळ इतरांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात जातो, म्हणजे स्वतः शिकण्यात. उत्तर लिहिणं हा उरलेला किरकोळ भाग, आणि ते बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. माझंही अगदी असंच आहे. दुसऱ्याच्या मशीनवर जे बिघडतं ते मला माझ्या मशीनवर मुद्दाम बिघडवूनही शिकता आलं नसतं.

एका निवृत्त मुख्याध्यापकांचं उदाहरण देतो. शाळेच्या स्मरणिकेची जुनी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यांना वाटलं व्हायरस. खरं तर फाइल ठणठणीत होती. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या म्हटलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत बदलून घ्या. सरांनी केलं, तर सगळीकडे ‘विद्यार्थी’चा ‘विद्याथीर्’. कारण जुन्या फॉन्टात रफार सगळ्यात शेवटी काढला जायचा, जसा आपण हाताने लिहिताना काढतो. युनिकोडमध्ये तो र् म्हणून ‘थ’च्या आधी यावा लागतो. कन्व्हर्टरने तो होता तिथेच ठेवला. हे लक्षात आलं त्या रात्री मी जेवण गार करून फाइंड-रिप्लेसचे नियम लिहीत बसलो होतो. सरांसाठी? थोडंसं. खरं म्हणजे तो रफार डोक्यातून जाईना. पुढे धंद्यातही तेच नियम कामाला आले, हेही कबूल.

कित्येक जण आधी स्वतःच मदत मागायला आलेले असतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला मायकेल गिलेस्पी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका ग्राहकाच्या फायली खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केल्या, तेव्हा तो उपाय शोधत अशाच एका समूहात पोचला आणि तिथलाच झाला. दिवसा दुकान, रात्री कुलपं उघडणारे प्रोग्रॅम, तेही फुकट. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आणि एम्सिसॉफ्ट कंपनीने ‘स्टॉप’ नावाच्या अशाच व्हायरसच्या 148 प्रकारांवर उतारा काढला. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या घरगुती लोकांना हा व्हायरस हमखास गाठायचा, त्यामुळे आपल्याकडचेही पुष्कळ जण त्यात सापडले होते. अशा प्रकरणांत सगळ्यात जड जातं ते ‘तुमच्या फायली आता परत येणार नाहीत’ हे सांगणं. लग्नाचे फोटो असतात हो त्यात.

नाव, गुण, बिल्ले हेही आहेच. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ 2008 साली सुरू झालं ते गुणांच्या जोरावरच. मला त्याचं फारसं कौतुक नाही. गुणांसाठी येणारा माणूस सोपे प्रश्न पटापट टिपतो आणि अवघड प्रश्नाकडे वळूनही बघत नाही.

मात्र फुकटच्या कामाला कुणी हजेरीपट लावला की गणित बिघडतं. एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने अमेरिकेत हजारो स्वयंसेवकांकडून पाळ्या लावून, अहवाल भरून घेऊन काम करवलं. 1999 मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी कोर्टात धाव घेतली, की ही नोकरीच आहे, पगार द्या. 2010 मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. मला त्या लोकांचं बरोबर वाटतं.

आता खेकसण्याचं. ‘कॉम्प्युटर चालत नाही, अर्जंट सांगा’ एवढंच लिहिलेलं दिवसातून तिसऱ्यांदा वाचलं की साधुसंतही चिडेल. विंडोज कोणती, स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय, आधी काय करून पाहिलंत, एवढं लिहिलं तरी समोरचा निम्म्याने नरमतो. पण याहून जास्त डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे चार दिवस धडपड करून झाल्यावर येणारं ‘झालं, थँक्स’. अहो, कशाने झालं? ड्रायव्हर बदलल्याने, की वायर हलवल्याने? तेवढं एक वाक्य लिहून जा. तीच अडचण घेऊन पुढच्या वर्षी येणाराही ते वाचतो, आणि मीही.